लग्नाच्या कॅसेटला मुंग्या

४ जानेवारी २००९, रविवार
या वर्षी संकल्प एकच, पण जागतिक दर्जाचा. (सकाळचं चालणं संक्रांतीनंतर.)

पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. रावपुऱ्यातल्या दुकानातून लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची डीव्हीडी करून आणली. निराशा. दुकानदाराने चित्र नको तितकं साफ करून दिलंय. आमचं लग्नच वाटत नाही. ही कॅसेट पहिल्यांदा पाहिली सासुरवाडीला, लाकडी शटरच्या टीव्हीवर. मुंग्या, रेघा, वर पळणारं चित्र. तीच खरी मजा! तो सगळा लुक मी नव्या एलसीडी मॉनिटरवर आणणार.

सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, काय करायचं ते करा, फक्त आई हसते तेवढं नीट दिसू दे. सासूबाई लग्नानंतर वर्षभरात गेल्या. त्यांचं हलतंबोलतं चित्र एवढंच. म्हटलं, नीट काय, जिवंत करतो.

११ जानेवारी
सॉफ्टवेअर उतरवलं. मॅन्युअलची गरज नाही, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये हयात गेली आहे. दुपारपर्यंत आडव्या रेघा तयार! प्राचीला दाखवल्या. लेक म्हणाली, सगळं वऱ्हाड चिकाच्या पडद्यामागे बसल्यासारखं दिसतंय. वर म्हणे, "पप्पा, लोक रेघा बघायला टीव्ही लावायचे नाहीत."
या पिढीला टेक्स्चर कळत नाही. एम.कॉम.चा परिणाम.

१४ जानेवारी, उत्तरायण
अख्खा सुभानपुरा पतंग घेऊन गच्चीवर. वरून "काप्यो! काप्यो!" मी खाली, मुंग्यांवर. सरोजिनीने उंधियू खाली पाठवलं, ते कीबोर्डवर सांडलं. 'एस' अडकतो आहे. संकट नव्हे, तपश्चर्या.
संध्याकाळी मुंग्या सिद्ध. मेहुणा उन्मेष पाणी प्यायला आला, स्क्रीन बघून म्हणाला, "जिजाजी, व्हायरस आलाय वाटतं." इतकी प्रामाणिक दाद आजवर मिळाली नव्हती.

२६ जानेवारी
सुट्टी. आज भूत. म्हणजे अँटेना वाकडी असली की प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकी सावली दिसायची, ते. जमलं! मांडवात दोन भटजी, दोन नवऱ्या, दोन मी. सरोजिनी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, दोन नवऱ्या चालतील, दोन तुम्ही नकोत, एकात पंचवीस वर्षं गेली.
विनोदबुद्धी शाबूत आहे. मग विचारलं, आईचा भाग झाला का? म्हटलं, तो शेवटी. सरप्राइज. ती स्वयंपाकघरात निघून गेली. उत्सुकता ताणली गेली असावी.

८ फेब्रुवारी
सर्वांत अवघड इफेक्ट: चित्र वर सरकतं, डोकं खाली आणि पाय वर. हा कुठे वापरावा? कलाकाराला एकच उत्तर: क्लायमॅक्सला. सासूबाईंच्या हसण्यावर टाकला. प्राची म्हणाली, तेवढा तुकडा तरी सोडा, आईसाठी. मी शांतपणे समजावलं की ताजमहालाची एक बाजू विटांची ठेवत नाहीत. ती दार आपटून गेली.
चालणं लग्नाच्या वाढदिवसानंतर.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपार
पाहुणे जमले. उन्मेष सासऱ्यांना, बळवंतरावांना, रिक्षाने घेऊन आला. हल्ली ते फारसं बोलत नाहीत. त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. मी छोटं भाषण केलं (प्राचीच्या मते छोटं नव्हे).

फिल्म सुरू. समोरच्या फ्लॅटमधले गोविंदभाई लगेच म्हणाले, "केबलवाळाने फोन करो ने, जनार्दनभाई!" सभागृहात खसखस. याला म्हणतात परिणाम.
मग सासूबाई आल्या. सरोजिनी पुढे सरकून बसली. सासूबाई हसायला लागल्या आणि नेमक्या त्या क्षणी चित्र वर पळालं. टायमिंग अप्रतिम. पडद्यावर वर साडीचे काठ, खाली अंबाडा, मधे काळी पट्टी.
बळवंतराव उठले. काठी टेकत मॉनिटरपाशी गेले आणि त्याच्या डोक्यावर दोन सणसणीत थपडा मारल्या. म्हणाले, "थांबा. आता दिसेल ती."
माझ्या कामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. तिसऱ्या थपडेला मॉनिटर तोंडावर पडला.
कोणी हसलं नाही. मी म्हणालो, मूळ टीव्हीही असाच मार खायचा. सरोजिनी उठून आत गेली.

१६ फेब्रुवारी
बळवंतराव काल इथेच राहिले. सकाळी प्राचीने आपल्या लॅपटॉपवर दुकानातली डीव्हीडी लावली. बोलावलं नव्हतं, तरी तांत्रिक मदतीसाठी मागे उभा राहिलो.
सासूबाई आल्या. कुणीतरी काहीतरी म्हणतं, त्या पदर तोंडावर धरतात, तरी हसू आवरत नाही. शेवटी पदर सोडून मोठ्याने हसतात. बळवंतराव म्हणाले, "मीच तिला म्हटलं होतं, विहीणबाई कसली, तूच नवी नवरी दिसतेस." इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं. सरोजिनी रडत होती आणि हसत होती. तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. एकदाही सूचना करावीशी वाटली नाही.

पुढे अंतरपाट. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. सरोजिनीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार सुंदर दिसत होती. हे मला तेव्हा कसं दिसलं नाही, असा विचार करतोय तोच तिने विचारलं, "तुम्ही कुठे बघताय?"
मी वाकून पाहिलं. नवरदेव हार हातात धरून व्हिडिओवाल्याच्या लाइटची वायर न्याहाळत होता.
म्हटलं, कॅमेऱ्याच्या अँगलमुळे तसं वाटतं.
प्राचीने पॉज केलं. पॉजमध्ये तर अजूनच स्पष्ट दिसतं.