मिरजेच्या दवाखान्यातलं पाणी

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी हे लिहायला बसताना मी दार लावून घेतलंय.

लढाईचे दिवस होते. माझी धाकटी बहीण सात महिन्यांची, तापानं फणफणलेली. तिला घेऊन आपण साताऱ्याकडून मिरजेच्या दवाखान्यात आलो. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, आता फक्त वाट बघायची. आई तुम्हाला विनवतेय, "आवं, त्या दुसऱ्या चर्चच्या मंडळीचं पाळक भायेरच हायती. ते तान्ह्या पोरांना बाप्तिस्मा देत्यात. कपाळाला पाणी लावू द्या की." तुम्ही बाकावर बसलाय, पागोटं मांडीवर. "तिला अजून कळतंय काय? तिच्या वतीनं इस्वास मी कसा धरू? कळत्या वयात आपल्या तोंडानं सांगायचं, मग पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यायचा. लेकरू देवाचंच हाय, पाण्याबिगर बी." आपण बॅप्टिस्ट का, हे तुम्ही सख्ख्या भावांनाही असंच शांतपणे सांगायचात.

तुम्ही डॉक्टरांना शोधायला गेलात. आईचा बसल्या जागी डोळा लागला. मी बारा वर्षांची. तांब्यात बोटं बुडवून मी धाकटीच्या कपाळावर तीनदा पाणी लावलं आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. पुसायचं सुचलंच नाही. तुम्ही परत आलात, वाकून पाहिलंत. "कुणी केलं ह्ये?" आई जागी झाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मी."

धाकटी वाचली. पुढच्या रविवारी नेहमीसारखे उपदेशाला तुम्ही आपल्या मंडळीपुढं उभे राहिलात. "माज्याच घरात माजी शिकवण पटली न्हाई. मी तुमास्नी काय सांगू?" वर्षभर तुम्ही उपदेश केला नाहीत, मागच्या सतरंजीवर बसत राहिलात. आई बायकांत बसायची, पदर कपाळावर ओढून. ती जाईतोवर त्या दुपारबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

मी सोळा वर्षांची झाले, तेव्हा तुम्ही मला कृष्णेत कमरेइतक्या पाण्यात उभं केलंत. काठावर सगळी मंडळी. हळू आवाजात विचारलंत, "आपल्या मनानं आलीस न्हवं?" मी "व्हय" म्हणाले. आबा, मी मनानं आले नव्हते. नाही म्हटलं तर तुम्ही कारण विचाराल आणि धाकटीला पाणी मीच लावलं होतं हे सांगावं लागेल, याची भीती वाटली, म्हणून उतरले.