वर्गात हजर, टॅबवर गैरहजर

थेरगाव,
कोजागिरी होऊन गेली, शनिवार

चिरंजीव सोपानरावांस (वय वर्षं बहात्तर, तरी मला चिरंजीवच), थोरली बहीण शालनअक्का हिचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत, म्हणजे प्रत्येकाचं काही ना काही दुखतंय, पण जेवणावर कुणी राग काढलेला नाही. तुझा गुडघा कसा आहे? यशोदा तुला आळंदीच्या घाटापर्यंतसुद्धा एकट्याला जाऊ देत नाही असं कळलं. बरं करते. तू वाटेत ओळखीचा माणूस भेटला की दोन तास उभा राहतोस, गुडघ्याचा त्यात काय दोष?

पत्र लिहितेय मंजुषा, आपल्या अजिंक्यची बायको, माझी नातसून. मी सांगते, ती उतरवते. मी ‘न्हाई’ म्हणते आणि ती ‘नाही’ लिहिते, तेव्हा वाचताना मी शिकलेली वाटले तर फसू नकोस. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशीलच. त्याला कारण आहे, ते शेवटी येईल. तू हेडमास्तर होतास, तुला कारण आधी मागायची खोड आहे.

तर अडचण अशी की आपली मंजुषा शाळेत जाते आणि जात नाही. सहा वर्षं झाली, ती करारावर शिकवते. यंदा शाळेनं प्रत्येक बाईंना एकेक टॅब दिला. (टॅब म्हणजे तुझ्या पाटीएवढाच, पण ह्याला पुसायचं फडकं वेगळं मिळतं.) सकाळी शाळेत गेलं की तो तोंडापुढं धरायचा, तो चेहरा ओळखतो आणि हजर लावतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला ही दिसेनाशी झाली. ‘चेहरा आढळला नाही’ म्हणतो. हिनं चष्मा काढून बघितला, केस मागं बांधून बघितले, उन्हात उभी राहिली, एक दिवस पावडरही लावून गेली. (हे लिहायला ती तयार नव्हती. लिही म्हटलं, सोपानमामा घरचेच आहेत.) वर्गातल्या चाळीस पोरांना ती दिसते, शिपायाला दिसते, फाटकातलं कुत्रं तिला बघून शेपूट हलवतं. टॅबला मात्र नऊ दिवस गैरहजर.

आता ऑफिसनं लेखी खुलासा मागितलाय. सोमवारी सकाळी द्यायचा. दिवाळीच्या सुट्टीआधी करार पुढं चालू ठेवायचा की नाही ते ठरणार, त्यात हे नऊ दिवस. साहेब तिला म्हणाले, “बाई, तुम्ही समोर उभ्या आहात हे मला दिसतंय हो. पण सिस्टिमला दिसत नाही, मी काय करू?” चांगला माणूस आहे म्हणतात. मला तर बाजारातल्या वजनकाट्यासारखा वाटला, जेवढं ठेवलं तेवढा झुकणारा.

शिकवायचंही तसंच झालं. पोरांनी झाडाची पानं आणायची, टॅबच्या पाठीवरच्या डोळ्यापुढं धरायची, की तो झाडाचं नाव सांगतो. दसऱ्याआधी बरोबर सांगायचा. आता पिंपळाच्या पानाला डाळिंब म्हणाला आणि कडुलिंबाला जास्वंद. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, कारण बाई चुकतात पण टॅब चुकत नाही असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. शेवटी अंजली म्हणून एक पोरगी आहे, तिनं ते पान चावून बघितलं आणि टॅबच्या तोंडावर सांगितलं, “खोटं बोलतोस, कडू हाय.” मंजुषा म्हणते, वर्षातला सगळ्यात चांगला धडा तोच झाला. नेमके तेव्हाच साहेब तपासायला दारात. पोरांनी टॅब त्यांच्याकडं वळवला. टॅब म्हणाला, बीट. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

अजिंक्यनं चाकणहून शिफ्ट संपवून आल्यावर टॅब बंद केला, चालू केला, परत बंद केला. मग म्हणाला, आमच्या कंपनीत मशिन बिघडलं की मशिनला काही विचारत नाहीत, माणसांना विचारतात, शेवटचा हात कुणाचा लागला? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मी मेथी निवडत होते. मी मेथीकडं बघितलं.

तर तू आयुष्यभर मास्तरांचे खुलासे वाचलेस. हजर असणाऱ्या बाईनं गैरहजर का होते ते कसं लिहावं, तेवढं कळव. पोरगी चार दिवस धड जेवलेली नाही. वर बरे आहेत म्हटलं ते पत्राची रीत म्हणून.

यशोदाला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझी,
शालनअक्का

ता. क. आता फोन का केला नाही ते. फोनवर बोलले असते तर मंजुषा आत स्वयंपाकघरात राहिली असती. पत्रातला शब्द न् शब्द तिच्या हाताखालून जातो. तिच्याशी समोरासमोर बोलायचा मला नऊ दिवस धीर झाला नाही. तेव्हा मंजुषा बाळ, थांबू नकोस, लिही. खंडेनवमीला आपल्यात सगळी हत्यारं पूजतात. विळा, खुरपं, ट्रॅक्टरची चावी, अजिंक्यचे पाने, सगळं पाटावर मांडलं होतं. शेजारी हिचा टॅब चार्जिंगला. हिचं हत्यार ते, ते एकटंच बिनपुजेचं कसं ठेवू? लहानपणी तुझी पाटी मीच पूजायची, तिला कधी काही झालं नाही. टॅबला वर मधोमध एक बारीक टिकली दिसली, म्हटलं हेच कपाळ. तिथं ओलं कुंकू लावलं. पाठीवर आणखी एक दिसली, तिलाही लावलं, दुजाभाव नको. संध्याकाळी पदरानं पुसून टाकलं. माझ्या डोळ्यांना तरी गेलेलं दिसलं.

ता. क. दुसरा. मधे अर्धा तास गेला. मंजुषा उठली, ओल्या कापसानं दोन्ही टिकल्या पुसल्या आणि टॅब तोंडापुढं धरला. त्यानं लगेच ओळखलं. शनिवारी दुपारी, आमच्या स्वयंपाकघरात, ती हजर लागली. त्याचाही खुलासा मागतील. मला रागावली नाही. चहा दिला, त्यात साखर नव्हती. मी मुकाट्यानं प्यायले.

ता. क. तिसरा. ती म्हणते, ह्याच्यापेक्षा चांगला खुलासा मामांनाही सुचणार नाही, हेच पत्र सोमवारी ऑफिसात देते. मी म्हटलं, मग तो वजनकाटा आणि ते बीट तेवढं खोड. म्हणाली, आजी, खुलाशात खाडाखोड चालत नाही. तेव्हा सोपाना, तुला मिळेल ती झेरॉक्स. खाली माझा अंगठा आहे. घरात शाईचं पॅड नव्हतं. तुझ्याकडं तो काळा दिसेल, साहेबांकडं जाईल तो लाल आहे.