वेझीचा हात, माझा न्सिमा आणि इतर खुशाली

थ्योलो, रविवार

तीर्थरूप एस्नार्टताईस,

डायटनचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते, तेव्हा थोडा कमीच वाकलोय असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? तळ्याचा वारा तुला बाधत नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळं उत्तम आहे. वेझीच्या हाताचं ऑपरेशन झालं, तेवढं सोडलं तर.

घाबरू नकोस, क्रमाने सांगतो. आपल्या वेझीचा पुढचा दात पडला. ही बातमी जोहान्सबर्गला तिच्या आईच्या, टवोंगाच्या, कानावर ताबडतोब घालायला हवी होती. आता आमच्या घरात फोनची रेंज अशी, की टवोंगाशी बोलायचं तर मी ओट्यावर स्टूल ठेवून हात उंच करून उभा राहतो. (शेजारी म्हणतात, म्हातारा रोज शपथ घेतो.) पोरीने ते पाहिलं होतंच. मी कोंबड्या कोंडत होतो, तेवढ्यात ही फोन घेऊन आंब्याच्या झाडावर. रेंज मिळाली, फोन लागला, टवोंगा "हॅलो" म्हणाली आणि फांदी मोडली. ताई, पडल्याचा आवाज आईने तिकडे बसून ऐकला. फोनला ओरखडासुद्धा नाही. पोरीचं कोपराच्या वरचं हाड मात्र सरकलं.

ब्लँटायरच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या प्लास्टरने भागणार नाही, आत तारा घालाव्या लागतील. तुला ठाऊकच आहे, तिथे रोग्याचं रांधणं नातेवाइकांनी करायचं. नातेवाईक म्हणून मी एकटा, आणि स्वयंपाकाच्या शेडमध्ये सगळ्या बायका. चहाच्या मळ्यात मी शंभर माणसांवर मुकादमी केली, पण तिथे मला कोणी पळीसुद्धा नीट धरू देईना. माई नाचिसाले म्हणून एक दांडगी बाई होती, तिच्या नातवाचा पाय मोडलेला. माझा न्सिमा बघून म्हणाली, "आजोबा, खायचाय तो. भिंत नाही बांधायची." (मक्याच्या पिठाला एवढ्या गाठी कुठून येतात, हे माझी रोझ असती तर तिला विचारलं असतं. ती गेल्यापासून हे असलं कोणाला विचारायचं, कळत नाही.) त्यानंतर आमचा न्सिमा माईच घाटायची आणि मी तिला लाकडं फोडून द्यायचो.

ऑपरेशनच्या सकाळी वेझी भुलीच्या डॉक्टरांना म्हणाली, "माझ्या आजोबांना एकटं बसवत नाही. दार थोडं उघडं ठेवा." त्यांनी हो म्हटलं आणि दार लावलं. मी बाहेर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलो. थोड्या वेळाने माई नाचिसाले येऊन शेजारी टेकली. म्हणाली, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "भरलेलं घर आहे. मी, नात आणि कोंबड्या." एरवी ही बाई माझ्या शिंकेलाही हसायची. तेव्हा हसली नाही. दार उघडेपर्यंत बसून राहिली.

शुद्धीवर आल्यावर पोरीने आधी फोन मागितला. मी लावून दिला. तिकडे टवोंगा रडतेय, आणि ही म्हणते, "आई, माझा दात पडला." हाताबद्दल चकार शब्द नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाड नीट जुळतंय, बोटं हलताहेत, काळजी नको. आता घरी आलोय. एका हाताने सगळं घर उलटंपालटं करणं चालू आहे.

सगळ्यांना आशीर्वाद. आमची मुळीच काळजी करू नकोस.

तुझा,
डायटन

ता. क. वेझीला तुमच्या तळ्याची सुकी उसिपा मासळी फार आवडते. बसवाल्याबरोबर धाडू नकोस, वाटेत निम्मी तोच खातो. आणता आली तर तूच आण.

ता. क. आणखी एक. टवोंगा पुढच्या महिन्यात येतेय. तारा निघाल्या की वेझीला कायमची जोहान्सबर्गला नेणार. पोरीचा आवाज फोनवर ऐकून दिवस काढणं आता जमणार नाही, म्हणते. मी म्हटलं, बरोबर आहे. शाळाही चांगली आहे तिथली. तेव्हा मासळीची घाई नाही. त्या दोघी गेल्यावर ये. न्सिमा मी घाटीन, तू नुसती बसून नावं ठेव.