तानुमावशीचा डबा

मु. गंगाखेड, कार्तिक वद्य पंचमी, सन १३५३ फसली

तीर्थस्वरूप बन्सीधरदादा यांना मावसभाऊ व्यंकटीचा साष्टांग दंडवत. इकडे आम्हा सर्वांची खैरियत आहे. तिकडे पालमला तुमची तब्येत, वहिनीची कंबर, दावणीची जनावरं आणि कापसाचा भाव हे सगळं ठणठणीत असेल, अशी आशा करतो. तुमच्या मातोश्री, म्हणजे माझी तानुमावशी, हिला वैशाखात गोदागंगेच्या आंघोळीसाठी तुम्ही माझ्या ओसरीवर आणून सोडलंत आणि ‘पंधरा दिवसांत न्यायला येतो’ म्हणून बैलांना जो चाबूक ओढलात तो ओढलात. त्यानंतर पाऊस झाला, पोळा झाला, दिवाळीसुद्धा झाली. (मधी बैल लंगडा झाल्याचं कळलं. मग ओढ्याला पाणी आल्याचं कळलं. ओढा उतरला तर वेचणी आली. आता वेचणी सरली की पुन्हा बैल लंगडेल, हे मी धरूनच चाललोय.) मावशी मला जड नाही, गैरसमज नसावा. पण रोज उठली की ती खांबाला टेकून बसते आणि विचारते, बन्सी आला का रे? आणि मी रोज खोटं बोलतो. थोरल्या भावापायी किती खोटं बोलावं यालाही काही सुमार आहे. तरी तिला येऊन घेऊन जावं, एवढंच लिहायचं होतं. पण आता माझ्या गाडीचंही सांगणं भाग आहे, कारण त्यात तुमच्या मातोश्री गुंतल्या आहेत.

कुर्डुवाडीच्या कारखान्यात लातूरच्या लहान गाडीचे डबे रंगवण्यात माझी उमर गेली, हे तुम्ही जाणताच. अडीच फूट रुंदीचे रूळ, खेळण्यासारखी गाडी, पण रंग द्यायचा तो राजाच्या पालखीला द्यावा तसा. काम सुटलं, घरी आलो, तर हात काही गप्प बसेनात. दारं रंगवली, खिडक्या रंगवल्या, बैलांची शिंगं रंगवली. शेवटी आमच्या कुटुंबानं, सारजाबाईनं, ‘आता मलाच रंगवता का?’ असं विचारलं, तेव्हा ब्रश खाली ठेवला आणि तीच लहान गाडी आणखी लहान करून घरात चालवायचं ठरवलं. जुनं दार दोन रांजणांवर फळीसारखं आडवं टाकलं, त्यावर माती थापून माळ केला. छत्रीच्या काड्यांचे रूळ, तुराट्यांचे स्लीपर, जुन्या कोटाच्या पितळी गुंड्यांची चाकं. इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाची कमान आहे. किल्ली दिल्याशिवाय ते जागचं हलत नाही, आणि किल्ली माझ्या करदोट्याला असते. (हे ध्यानात ठेवा.) अडलं ते पत्र्यापाशी. लढाईमुळे पत्रा मिळेना, म्हणून घरातल्या डब्यांचे गाडीचे डबे करायला लागलो. चहाच्या डब्याचा पहिला वर्ग झाला, रॉकेलच्या डब्यात दोन मालडबे निघाले, आणि हळदीच्या डब्याचा गार्डाचा डबा केला त्या दिवशी मला वरण पांढरंफेक मिळालं.

मावशी खांबाला टेकून हे सगळं बघत होती. एक दिवस तिनं बोचक्यातून पालमहून आणलेला शेवयांचा डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाली, याचा डबा कर. मी म्हणालो, मावशी, हा डबाच हाय. तर म्हणाली, ‘गाडीचा कर रे येड्या, बायांचा.’ केला. तिसरा वर्ग, जनाना. जवसाच्या तेलात लाल काव घोटून बाहेरून तीन हात दिले, खिडक्यांच्या कडा खारीच्या केसांच्या कुंचल्यानं ओढल्या, आत आगपेटीच्या लाकडाची बाकडी बसवून पिवळी केली आणि वरून छत कथलाचा डाक देऊन कायमचं बंद केलं. आता त्यात करंगळीसुद्धा जात नाही. खरं सांगतो दादा, कारखान्यात असा डबा माझ्या हातून झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा गाडीत नव्हता. गाडीपासून सुटून फळीच्या पार उगवतीच्या टोकाला, जिथं रूळ संपतात तिथं उभा. मी उंदराला शिव्या दिल्या. पुन्हा तेच झालं तेव्हा मांजराला दिल्या, आणि त्यानंतर सारजाबाईकडं नुसतं बघितलं तर तिनंच मला दिल्या. शेजारच्या मुंजाजीला बोलावलं. (नाव मुंजाजी, आणि पिंपळाखालून जाताना रामरक्षा म्हणतो.) त्यानं लांबूनच बघून इंजिनाला लिंबू-मिरची बांधायचा हुकूम दिला. बांधली. लिंबू इंजिनापेक्षा जड निघालं आणि इंजिन चारी चाकं वर करून आडवं झालं. डबा मात्र सकाळी परत उगवतीच्या टोकाला.

मग मी डबा उजेडात धरून खिडकीतून आत बघितलं. रंगाऱ्याला एक गोष्ट कळते दादा. न वापरलेल्या बाकड्याचा रंग उडाला तर पोपडा धरून उडतो. माणसं बसून बसून गेला, तर कडेला जातो, जिथं मांडी टेकते तिथं, आणि खालचं लाकूड गुळगुळीत दिसतं. माझ्या डब्यात खिडकीजवळच्या एकाच जागेचा रंग कडेला गेला होता. आधी मला रागच आला, की व्यंकटरावांचा रंग आणि इतका कच्चा? मग ध्यानात आलं की छत डाकलेलं आहे, आणि डबा हळूच फळीवर ठेवून मी खोलीबाहेर आलो.

ही गोष्ट मी पोटातच ठेवली. पण पुढं सारजाबाईनं दिवेलागणीला खोली सारवली, आणि सकाळी ओल्या सारवणावर दोन बारीक रेघा. फळीखालून निघालेल्या, उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापलीकडं अंगणात, अंगणातून फाटकाशी आणि मग रस्त्याच्या फुफाट्यात. ‘आवं, आता जमिनीवर बी रूळ टाकता का?’ म्हणून ती माझ्यावर जी तुटून पडली, ती मी रेघांना चाकाचं माप लावेपर्यंत. केसाचाही फरक नव्हता. रेघा वळल्या होत्या तिथं बाहेरची जरा खोल गेली होती. रिकाम्या डब्याची अशी जात नाही, आत कुणीतरी बसलेलं लागतं. सारजाबाईला एवढं सांगितलं तर तिनं भांडण अर्धं टाकून देवापुढं दिवा लावला, आणि त्यानं मला जास्त भ्या वाटलं.

तेवढ्यात मावशी डोळा चोळत बाहेर आली. काहीतरी गेलंय म्हणाली. सारजाबाईनं पदराच्या टोकानं काढला तर दगडी कोळशाचा कण, गाडीच्या खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यात जातो तसला. आमच्या घरी तुराट्या आणि गोवऱ्या जळतात, दगडी कोळसा औषधालाही नाही. मावशी निवांत भाकरीला बसली आणि कालवणात तुकडा बुडवताना म्हणाली, ‘बन्सीनं माझ्या खोलीत सरकी भरलीय. दारापस्तोर पोती लागलीत. बाज गोठ्यात टाकली, तिला वासरू बांधलंय.’ मी म्हणालो, मावशी, सपान पडलं असंल. त्यावर म्हणाली, सपनात सरकीचा वास येतो का रे?

दादा, खरं का खोटं हे मी विचारत नाही. खोली तुमची, सरकी तुमची. पण पालमहून इथं कुणी आलेलं नाही, आणि आलं असतं तरी गोठ्यातल्या बाजेची खबर कोण घेऊन येतो? पालमला आगगाडी नाही. सरकारनं नेली नाही, कंपनीनं नेली नाही, आणि मी तर माझ्या फळीवर पालमचं ठेसनसुद्धा काढलेलं नाही. मी शहाणासुरता माणूस, पण सकाळी त्या खोलीत पहिला पाय ठेवायला मला सारजाबाई लागते. भीती वाटते आणि तुमचा रागही येतो, थोरल्याचा येऊ नये एवढा येतो. तरी कृपा करून छकडा जुंपा आणि या. बैल लंगडा असेल तर चालत या. मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार. कमीजास्त लिहिलं असेल तर लहान समजून पोटात घाला.

आपला आज्ञाधारक,
व्यंकटी

ता. क. पत्र घडी करता करता मावशीला सरळच विचारलं, की रोज तो डबा तू ढकलतेस का? तिनं मलाच येड्यात काढलं. म्हणाली, ‘मी कशाला ढकलू? मी नुसती बसते.’ मग परत कशाला येतेस म्हटलं, तर म्हणाली, ‘दार कुणी उघडत न्हाई. हाक मारली तरी उठत न्हाईत. पायरीवर किती येळ बसावं? थंडी वाजायली आता.’ तिच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकली.

दुसरा ता. क. आज सकाळी मावशी उठली नाही. घाबरू नका, श्वास नीट चालू आहे, वैद्य बघून गेले, झोप आहे म्हणाले. पण हाक मारली तर ओ देत नाही, आणि दोन गोधड्यांखाली पाय गारठणक आहेत. फळीवर सगळी गाडी आहे, तिचा डबा नाही. रस्त्यापर्यंत जाऊन आलो. रेघा गेलेल्या दिसतात, परत आलेल्या दिसत नाहीत. मुंजाजीला घोड्यावर पत्र देऊन धाडतोय. हे सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं, पण दुसरा कागद नाही. पत्र शेवटाकडून वाचायला सांग असं त्याला बजावलंय, पण तो विसरेल आणि तुम्ही वहिनीच्या कमरेपासून वाचत बसाल. दादा, न्यायला येऊ नका आता. छकडा राहू द्या, बैल राहू द्या. पायरीवर काही लाल दिसलं तर पायानं सारू नका. आधी कडी काढा आणि ‘आई, आत ये’ एवढं म्हणा. बाकीचं पत्र मग वाचा.