‘शबानी’ हा शब्द

३ जुलै
त्रैमासिकाकडे आलेले लेख वाचायला घेतले. सहसंपादक म्हणून पहिलं वाचन माझंच. एक लेख डॉ. क. यांचा, दक्षिण गडचिरोलीच्या आठवडी बाजारातल्या शब्दांवर. बरा वाटत होता. मग ही ओळ: ‘वरून सुकलेल्या पण आतून ओलसर मोहफुलांना गोंडीत शबानी म्हणतात.’ खाली व्युत्पत्तीसुद्धा, मूळ धातूसकट.

आधी हसू फुटलं. मग ती ओळ पुन्हा वाचली.

शबानी गोंडी नाही. आलापल्लीच्या रुबिनाच्या घरातला शब्द आहे. तिची आत्या, शबानाफुफी, मोह अर्धाच वाळवायची, म्हणून बापाने दुकानात तसल्या मालाला शबानी म्हणायला सुरुवात केली. रुबिनाच्या एम.फिल.च्या मौखिक परीक्षेला मी बाहेरची परीक्षक होते. प्रबंधातला हा शब्द कुठे चालतो विचारलं, तर ओढणी तोंडाला लावून म्हणाली, “फक्त आमच्या घरी, मॅडम. चुकून राह्यला.”

आता ती पीएच.डी. करतेय. मार्गदर्शक डॉ. क.

५ जुलै
वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लेखाला स्वच्छ ठरवलं. ठरवणारच. रुबिनाचा एम.फिल.चा प्रबंध चामोर्शीच्या टायपिंगवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये झालेला. मशीनला त्यात मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड. माझी प्रत काढून शेजारी ठेवली. पानंच्या पानं तीच. फक्त ‘माझे वडील’च्या जागी ‘एक स्थानिक व्यापारी’. डोकं फिरलं. जेवले नाही.

७ जुलै
ब. सरांकडे गेले. आमचे मुख्य संपादक. दोन्ही पानं पाहिली, चष्मा पुसला. “तुम्ही काऊन आग लावून राह्यल्या? जागा नाई म्हणून वापस करा अन् मोकळ्या व्हा.” म्हणजे तो दुसरीकडे छापणार, मी म्हटलं. आपल्याच नियमांत आहे: आधी लेखकाकडून खुलासा, मग त्याच्या संस्थेला कळवायचं. ते म्हणाले, संस्थेला म्हणजे कोणाला? तिथले प्रभारी प्राचार्य डॉ. क.च आहेत.

शेवटी खुलाशापुरते कबूल झाले. पत्र मी लिहिलं. मोघम नको म्हणून शबानीचं उदाहरण घातलं. रुबिनाचं नाव मात्र टाळलं. फार शहाणपणा केला असं वाटलं.

११ जुलै
रुबिनाचा फोन. डॉ. क. यांनी तिला बोलावून विचारलं म्हणे, शबानी कुठून आणलास? तिने खरं ते सांगितलं. मग मला म्हणाली, “तुमी आता पुढं काई लिहू नका, मॅडम. पीएच.डी.च्या प्रबंधावर त्याईची सही बाकी हाय. सही नाई झाली तं मी कुठी जाऊ?”

तुझं लिखाण चोरलंय, मी म्हटलं.

“मले मालूम हाय. तो लेख मीच तं टाइप करून देल्ला.”

तिनेच ठेवला फोन.

१८ जुलै
खुलासा नाहीच. एका ओळीची मेल: लेख मागे घेत आहे. ब. सर खूश. आता तरी संस्थेला, निदान विद्यापीठाला कळवू म्हटलं, तर म्हणाले, लेखच नाही तर चोरी कसली, मागे घेतलेल्या लेखाबद्दल नियमांत काही नाही. हे नियम लिहिणाऱ्या समितीत मीही होते. संताप संताप झाला आणि घरी येऊन भांडी आपटली.

२ ऑगस्ट
दुसऱ्या नियतकालिकाची मेल. परीक्षण कराल का? लेखकाचं नाव झाकलेलं, लेख तोच. शबानी गायब. व्युत्पत्तीही गेली. त्या जागी ‘अर्धवट वाळलेला मोह’. कुठे पुसायचं ते मीच बोट ठेवून दाखवलं होतं.

प्रबंध अजून माझ्याकडे आहे. पान काढून दाखवता येईल, त्या संपादकांना लिहिता येईल. असं ठरवून बसले, तेवढ्यात रुबिनाचा फोन.

“सरनं लेखावर त्याईच्या नावाखाली माह्यं बी नाव टाकलं, मॅडम. सही बी करतो म्हणे.” खूश होती की घाबरलेली, कळलं नाही. म्हणजे आता लिहिलं तर दोघं बुडणार, आणि तिची पीएच.डी. आधी.

मग म्हणाली, “अब्बाले सांगतलं, छापून येऊन राह्यलं म्हणून. ते विचारत होते, आपला शबानी आला का त्यात?”

तू काय सांगितलंस, विचारलं.

“हो म्हटलं.”

मेल उघडीच आहे. खाली दोन बटणं: स्वीकार, नकार.