उपकारस्तुतीच्या आधी

सातारा,
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

प्रिय याकू,

आक्काचा तुला आणि लुदियाला सलाम. प्रभूनं तुम्हा दोघांना सांभाळावं ही माझी रोजचीच प्रार्थना, आज ती करताना जीभ अडखळली. का ते पुढं लिहिते. हे पत्र अडतीत फोडू नकोस. फोडलंच असशील तर इथंच घडी घाल, खिशात ठेव आणि घरी जाऊन वाच. ऐक माझं, एवढं एक ऐक.

आधी खुशाली. तू धाडलेली हळद मिळाली. पिशवी एका कोपऱ्यात फुटली होती. ज्या पाहुण्याच्या हाती दिलीस, त्याची पांढरी विजार पिवळीधमक झालेली आणि तो रागावला माझ्यावर! धुवून देते म्हटलं तर तेही नको. दानू आता काठीशिवाय जिना उतरतो. मांडीतली सळई सकाळच्या गारठ्यात ठणकते, पण जानेवारीपर्यंत नीट चालेल म्हणतात डॉक्टर. माझं बीपी वर-खाली चाललंय. गोळी घेते. ओरडू नकोस, खरंच घेते.

तू म्हणशील, मी रोज संध्याकाळी फोन करतो, मग ही म्हातारी पत्र कशाला खरडत बसली? अरे, फोन उचलला की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "आक्का, दानू जेवला का गं?" तेवढं ऐकलं की माझं अवसानच जातं आणि मी तुला भाजीचे भाव सांगत बसते. आठ महिने मी तुला भाजीचे भाव सांगतेय, याकू. तुलाही कंटाळा आला असेल, पण तू कधी बोलला नाहीस.

काल उपासना सुटल्यावर पाळकसाहेब हसत हसत माझ्याकडं आले. "मार्थाबाई, आनंदाची बातमी. याकोबरावांचा होकार आला. रविवारी उपकारस्तुतीला ते सांगलीहून येताहेत आणि सगळ्या मंडळीसमोर त्या पिकअपवाल्या रविराजचा हात हातात घेऊन त्याला माफ करणार आहेत." मी "बरं झालं" म्हणाले आणि चपला शोधायला बाहेर आले. चपला पायातच होत्या.

कसा रे होकार दिलास? तुला तो देताना किती जड गेलं असेल ते मला कळतं. फेब्रुवारीत त्या अपघातानंतर एस्तूला मातीत ठेवलंस आणि तिसऱ्या दिवशी इथं दानूच्या खाटेशी येऊन बसलास. त्याला रक्त दिलंस. एकुलती एक लेक गेलेला माणूस बहिणीच्या पोराला चमच्या-चमच्यानं पाणी पाजत होता, सगळा वॉर्ड बघत होता. लुदिया आली नाही. तेव्हा मी मनात तिला नावं ठेवली, म्हटलं, आमचा काय गुन्हा? त्या विचाराची मला आज शिसारी येते.

रविराजच्या घराबद्दल पाळकसाहेबांनी तुला सांगितलं असेलच, ते सांगायचं थांबत नाहीत. पण माझ्या तोंडून ऐक.

आई काढायची तशी मूठ मी अजून काढते. चुलीवर काही चढवायच्या आधी त्यातली एक मूठ डब्यात. वर्षभराचं ते धान्य उपकारस्तुतीला वेदीपुढं ठेवायचं आणि मग ते गरजवंताच्या घरी जायचं, कुणाचं कुणाकडं गेलं ते विचारायचं नाही. यंदा मी ती रीत मोडली. जूनमध्ये, दानू पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहिला त्याच आठवड्यात, मी डबा घेऊन पाळकसाहेबांकडं गेले आणि म्हटलं, हे त्या पिकअपवाल्याच्या घरी जाऊ द्या.

रविराज जामिनावर बाहेर होता. लायसन गेलेलं, गाडी ठाण्याच्या आवारात पडलेली, मालकानं कामावरून काढून टाकलेलं. माणदेशातली माणसं ती, मेंढरं विकून इकडं रहिमतपूरजवळ खोली घेऊन राहिलेली. घरात म्हातारी आई हरणाबाई आणि पोटुशी बायको राणी. नुसत्या धान्यानं काय होणार? मग मी राणीच्या तपासण्या करून आणल्या, औषधं पोचवली, बाळंतपणाला शेजारी उभी राहिले. मुलगा झाला. माझं शिलाई मशीनही तिकडंच आहे आता. तीस वर्षं सिस्टर होते, एवढी कुणाच्या मागं धावले नव्हते.

आणि ऑगस्टमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. ज्यानं भाचीचा जीव घेतला, पोराला लोळागोळा केलं, त्याच्या घरच्यांना ही बाई जेवू घालते, प्रभूचे उपकार मानावेत तर असे! बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, किती नम्र बाई.

इथवर लिहून मी उठले, चहा केला, तो न पिताच ओतला. आता लिहिते.

रविराजची चूक नव्हती. चूक दानूची होती.

पोरं त्या संध्याकाळी रहिमतपूरला मावशीकडं चालली होती. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला. दानूला दम निघेना. एस्तू मागून म्हणत होती, "थांब रे, घाई कसली." यानं ऐन वळणावर मोटारसायकल बाहेर काढली. समोरून पिकअप आली ती आपल्या बाजूनं आली, हळू आली. रविराजनं यांना वाचवायला म्हणून ती चारीत घातली, तरी तिच्या मागच्या फाळक्याला मोटारसायकल धडकली. ट्रॅक्टरवाला थांबला नाही, बघणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा दानू म्हणाला, पिकअप आमच्या अंगावर आली.

मला त्यानं तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. तू तेव्हा खाली त्याचीच औषधं आणायला गेला होतास. मी काय केलं माहितीये? त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मामा येतोय, गप्प बस," म्हणाले. तुझी पावलं जिन्यावर ऐकू येत होती. तू आलास, पिशवी ठेवलीस, विचारलंस, "काय झालं? रडतोय का हा?" मी म्हटलं, दुखतंय त्याला.

म्हणजे मार्चपासून मला माहीत आहे. धान्य पाठवायला लागले ते हे माहीत असताना. मी स्वतःला सांगत होते की दानू उठला म्हणून देवाचे उपकार मानतेय. कसले उपकार, याकू! देवानं माझं पोरगं मला परत दिलं आणि मी दुसरीचं पोरगं तुरुंगाच्या दारात उभं करून तिच्या घरी तांदूळ पाठवत होते. मला वाटायचं, अजून एक पिशवी पाठवली की रात्री झोप लागेल. दिवसा तरी माझं चित्त कुठं ठिकाणावर होतं? दारावर थाप पडली की मला वाटायचं, कळलं कुणाला तरी.

गुरुवारी हरणाबाई आली. बस बदलत, उन्हातून, काखेत एक घोंगडं घेऊन. ते दानूच्या मांडीवर अंथरलं आणि म्हणाली, "आवं सिस्टरबाई, पोराच्या पायाला गारठा लय वंगाळ. मेंढरं व्हती तवाची लोकर हाय ही. नातवासाठनं ठिवलं व्हतं, पर आदी ह्याला लागंल." मी नको नको म्हणत होते. ती माझे पाय धरायला वाकली. "आमच्या हातनं तुमचं लेकरू गेलं, तरी तुमी आमाला जगवलं. देव मानूस म्हंत्यात ते हेच व्हय." मग म्हणाली, "रवी आता म्हंतो, आये, मलाच झापड आली आसंल. समदी म्हंत्यात तवा खरंच आसंल. आदी लय भांडायचा, न्हाई म्हनायचा. आता गप ऱ्हातो."

ऐकलंस? जो आपल्या बाजूनं नीट गाडी चालवत होता, त्याला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. माझ्या तांदळानं त्याला तसं केलं. पोलिसांशी तो भांडला, वकिलाशी भांडला, पण माझ्या चांगुलपणाशी कसा भांडेल बिचारा?

दानू उठला. मांडी वाकत नाही त्याची, तरी तसाच वेडावाकडा खाली बसला आणि म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. तिला वाटलं, घोंगड्याचे उपकार मानतोय. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, भाकरी खाऊन ती परत गेली.

ती गेल्यावर दानू म्हणाला, "आई, रविवारी मला साक्षीला उभं करणार. मंडळीसमोर सांग म्हणणार, प्रभूनं तुला कसं वाचवलं. मी उभा राहिलो तर सगळं सांगेन. नाहीतर मी त्या दारात पाऊल टाकणार नाही." मी त्याच्यावर ओरडले. मग हात जोडले. वेड लागलं का तुला, तुरुंगात जाशील, मामा कायमचा तुटेल, मी एकटी काय करू, असं काय काय बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मामा रोज विचारतो ना, जेवला का म्हणून? मला घास जात नाही, आई. ताटातलं मी मांजराला घालतो."

त्या दिवशीही मी ऐकलं नाही. खोटं कशाला लिहू? शुक्रवार गेला, शनिवार गेला, मी मनात जुळवत होते की रविवारी दानूला ताप आलाय म्हणून सांगू. आणि काल पाळकसाहेब ती बातमी घेऊन आले. तू सगळ्यांसमोर त्या निरपराध पोराचा हात धरणार, तुला माफ केलं म्हणणार, आणि तो मान खाली घालून ती माफी घेणार. लोक गाणार. आणि मी पुढच्या बाकावर बसून तेही बघणार. एवढं मात्र मला झेपेना. त्याआधीचं सगळं झेपलं होतं, हे लिहायची लाज वाटते.

आज सकाळी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मीही तुम्हाला फार चढवलं, मार्थाबाई. ठाण्यात जाताना मला सोबत घ्या." त्यांनी लगेच ओळखीच्या वकिलांना फोन लावला. वकील म्हणतात, दानूनं स्वतः जाऊन खरा जबाब द्यावा, पुढं काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. गुरुवारी जाणार आहोत. आधी रविराजच्या खोलीवर, हरणाबाईला तोंडावर सांगायला, आणि तिथून ठाण्यात. उद्याच गेलो असतो, पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. पत्र स्पीड पोस्टानं टाकतेय, बुधवारपर्यंत मिळेल म्हणाले. पाकिटावरचा पत्ता मी तीनदा तपासला. नाहीच मिळालं तर? तर मी बुधवारी संध्याकाळी फोनवर सांगेन, कसं ते माहीत नाही.

रात्रभर वाटत होतं, हे वाचताना तू कुठं बसला असशील, लुदिया कुठं असेल, तिला तू वाचून दाखवशील की तिच्याच हातात देशील. तिच्याच हातात दे. मी तिला नावं ठेवली होती तेही तिला वाचू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग मला परत कशातच त्रास होणार नाही. दानूला मी आठ महिने पदराखाली धरला. रविवारी वेदीपुढं यंदा माझं काही नसेल. माझ्याकडं द्यायला तोच होता आणि तो मी गुरुवारी देऊन येतेय. तूही रविवारी येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. आलास तर रविराजला माफ करायला येऊ नकोस, एवढंच. माफी आम्हाला मागायची आहे त्याची.

पोलिसांनी सोडलं तर दानू शुक्रवारी सांगलीला येईल. एकटा येतो म्हणतो. एस्तू रस्त्यावर पडली होती तेव्हा तिला बोलता येत होतं, याकू. थोडा वेळच. ती काय बोलली ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. ते आधी मामीला सांगायचंय म्हणतो. दार उघडायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

तुझ्या तोंडून हा शब्द पुन्हा ऐकू येईल की नाही ठाऊक नाही, म्हणून आज स्वतःच लिहिते,

तुझी आक्का