अर्धी पेटी मिळणेबाबत व दिवसा शेगडी पेटवू देणेबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
ताजी फळे व भाज्या अल्पोपहार योजना (प्राथमिक शाळा),
अँटलर परगणा कार्यालय, पूर्व मोंटाना.

अर्जदार : हाल्वर स्टेनरूड, चिटणीस, शाळा समिती, क्रुकेड कूली एकशिक्षकी प्राथमिक शाळा.

विषय : चार मुलांच्या शाळेस पूर्ण पेट्यांऐवजी अर्ध्या पेट्या देणेबाबत, आणि तोवर वर्गात फळांपेक्षा मुलांना जास्त ऊब देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, 'फळे थंड जागी ठेवावीत.'
२) आपलेच पत्र, 'फळे गोठू देऊ नयेत.'
३) माझे आधीचे अर्ज, ज्यांना उत्तर म्हणून वरील दोन पत्रे पुन्हा पाठवण्यात आली.

महोदय,

आपल्या कार्यालयाने गेल्या महिन्यात 'काही अडचण असल्यास निःसंकोच कळवावे' असे लिहिले होते. त्या वाक्यावर विश्वास ठेवणारा परगण्यातला बहुधा मी एकटाच असेन. तरी कळवतो.

१. आमच्या शाळेत एक खोली, एक शिक्षिका, एक शेगडी आणि चार मुले आहेत. टायरेल ओबरलँडर पाचवीत, त्याची धाकटी बहीण जोलीन पहिलीत, हार्ली पिकेट तिसरीत आणि माझी नात सिग्ने दुसरीत. परगण्याच्या नियमाप्रमाणे पट तीनच्या खाली गेला की शाळेला कुलूप लागते. तसे झाल्यास सिग्नेला बसने तालुक्याला जावे लागेल. जाऊन-येऊन नव्वद मैल. हिवाळ्यात ती अंधारात निघेल आणि अंधारात परतेल. ती सात वर्षांची आहे. या अर्जात पुढे खरबुजांचा उल्लेख वारंवार येईल, पण प्रश्न तिचा आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे ही विनंती.

२. योजनेबद्दल आमची तक्रार नाही. आमच्याकडचे दुकान सत्तेचाळीस मैलांवर आहे आणि तिथे कांदे, बटाटे व सुतक असल्यासारखी काळवंडलेली केळी मिळतात. आपल्यामुळे मुलांनी पहिल्यांदा डाळिंब पाहिले. हार्लीने ते फोडून विचारले, "बाई, हे आतून बिघडलंय का?" आणि नंतर बाईंच्या वाट्याचेही खाल्ले. जोलीन तर लाल ढोबळी मिरची सफरचंदासारखी दातांनी तोडत खाते. तिच्या वडिलांनी आयुष्यात बटाट्याखेरीज भाजीला हात लावलेला नाही. ते तिच्याकडे बघत बसतात. तेव्हा योजना बंद करा असे मी म्हणत नाही. कृपया हे वाक्य अधोरेखित समजावे, कारण माझ्या पहिल्या अर्जानंतर 'योजनेतून माघार' हा नमुना पाठवण्यात आला होता आणि तोही फक्त मे महिन्यात भरता येतो.

३. अडचण पेटीची आहे. पुरवठादाराची गाडी दर शुक्रवारी येते. पेटी फोडून द्यायची नाही, असा त्यांचा आपल्याशी करार आहे. चारशे मुलांच्या शाळेला खरबुजांची जी पेटी जाते तीच चार मुलांच्या शाळेला येते. शिवाय 'विविधता' हवी म्हणून सोबत पेअरची पेटी, किवीची पेटी आणि ब्रोकोलीची पेटी. मुले खातात, मनापासून खातात, पण त्यांना पोटे प्रत्येकी एकच आहेत.

उरलेले फळ घरी न्यायचे नाही. जेवणाच्या डब्यात घालायचे नाही. मोठ्यांना द्यायचे नाही. जनावरांना घालायचे नाही. शाळेच्या आवाराबाहेर ठेवायचे नाही. आणि नासून फेकण्याचे प्रमाण वाढले तर शाळेचे नाव 'निष्काळजी' यादीत जाते. हे सर्व नियम बाईंना पाठ आहेत. अ‍ॅस्की बाई शहरातून आलेल्या, तरुण आणि अत्यंत प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक शिक्षिका मिळाली असती तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

४. फळे ठेवायला जागा वर्गाचीच. शाळेतला छोटा फ्रिज दुधाला पुरतो. दुसरा लावला की दिवे जातात. कोट टांगायच्या खोलीत सगळे गोठते. म्हणून नकाशाखाली खरबुजे, खिडकीशी किवी आणि पुस्तकांच्या कपाटात ब्रोकोली, अशी मांडणी आहे. भूगोलाच्या तासाला आफ्रिका दिसत नाही.

आता आपली दोन पत्रे. पहिले म्हणते, फळे थंड ठेवा. म्हणून बाई दिवसा शेगडी पेटवत नाहीत, कारण शेगडी पेटली की खरबुजे दोन दिवसांत नरम पडतात. दुसरे म्हणते, फळे गोठली तर ती 'ताजी' नव्हेत. आमच्याकडे ऑक्टोबरपासून रात्री बादलीतले पाणी गोठते. म्हणून रात्री शेगडी पेटवावी लागते. ते काम समितीने चिटणिसावर सोपवले. मी एक्काहत्तर वर्षांचा आहे. मी रात्री शाळेत जाऊन खरबुजांना ऊब देतो आणि सकाळी मुले यायच्या आत शेगडी विझवतो.

माझी पत्नी आर्डिस हिचे म्हणणे, मूळ शब्दांत : "अहो, चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक लाकूड सारायला उठला नाहीत. आणि आता खरबुजांना बरं वाटत नाही म्हणून निघालात?" यावर काही उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

५. मुले वर्गात कोट, टोप्या, हातमोजे घालून बसतात. जोलीन वडिलांच्या कोटात असते. हजेरीच्या वेळी बाई कॉलर उघडून खात्री करतात. टायरेल हातमोज्यांतून पेन्सिल धरतो, त्यामुळे त्याचे अक्षर बिघडले आणि बाईंनी त्याचे दोन गुण कापले. तो म्हणाला, "बाई, अक्षर माझं नाही, मोज्याचं आहे." बाईंनी एक गुण परत दिला.

मी आपल्या कार्यालयास फोन करून हे सांगितले. पलीकडच्या मॅडम फार सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या, "काका, फळांच्या तापमानाचे नियम आमच्याकडे आहेत. मुलांच्या तापमानाचे नाहीत. त्याला वेगळं कार्यालय असेल." मी विचारले कुठले. त्या म्हणाल्या, "आम्हीही बघतोय."

६. आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही, हेही नोंदवतो. नियमांत एक दार सापडले : वर्गात शिकवत असलेल्या मोठ्या माणसास एक वाटा खाता येतो. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी खोऱ्यातले शेजारी शिकवायला आले. चार मुलांना सात शिक्षक झाले. मेंढ्यावाले गस रायमर यांनी पेअर या विषयावर पाठ घेतला, तो पूर्ण देतो : "पोरांनो, हे पेअर. याला दात लावायचे. काही प्रश्न?" हार्लीने विचारले, "देठ खायचा का?" गस म्हणाले, "मी खाल्ला." त्या आठवड्यात एकही पेअर नासले नाही आणि मुलांना मेंढीचे खूर कापणे, कुंपणाची तार ताणणे व अ‍ॅकॉर्डियनवरचा अर्धा सूर एवढे जादा शिक्षण मिळाले. यावर आपले पत्र आले की शिक्षक नेमणूक झालेलाच हवा, आणि शिक्षकांची संख्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असणे 'योजनेच्या हेतूशी विसंगत' आहे. गस यांना ते पत्र दाखवले. ते म्हणाले, "एवढं लांब पत्र लिहिण्यापेक्षा साहेबांनीच एक पेअर खाल्लं असतं."

७. यानंतरचा उपाय माझा आहे आणि तो मी गंभीरपणे मांडत आहे. अल्पोपहार 'पटावरील विद्यार्थ्यांना' द्यायचा असतो. विद्यार्थ्याचे वय किती असावे हे आपल्या पुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. मी ती तीनदा वाचली. रात्री शेगडीपाशी दुसरे करण्यासारखे काही नसते. तेव्हा मला, गस रायमर यांना आणि इतर पाच शेजाऱ्यांना पटावर घ्यावे. फळे संपतील आणि पटही तीनच्या खाली जाणार नाही.

आम्ही याच शाळेतून आठवी झालो आहोत, ही तांत्रिक अडचण येईल याची कल्पना आहे. परंतु शिकलेले राहिलेले नाही. सिग्नेने माझी अपूर्णांकांची तोंडी परीक्षा घेतली. तिचा अभिप्राय : "आजोबा, तुम्ही तिसरीत नाही चालणार. दुसरीत बसा. पण माझ्या बाकावर नाही." तरी दुसरीत, वेगळ्या बाकावर, प्रवेश मिळावा.

८. आता निकडीचे. गुरुवारी जॅनेल ओबरलँडर, म्हणजे टायरेल आणि जोलीनची आई, माझ्या दारात आली. ती रांगायची तेव्हापासून मी तिला ओळखतो. ती आवाज चढवत नाही, त्यामुळे तिचे बोलणे जास्त ऐकू येते. ती म्हणाली, "हाल्वर काका, माझी पोरं दिवसा शाळेत गारठतात आणि तुमची खरबुजं रात्रभर शेकतात. खरबुजांना आईबाप असते तर त्यांनी तुमचे आभार मानले असते. मला मात्र नाही जमत. सोमवारी येऊन मी पोरांची पुस्तकं घेऊन जाते. तालुक्याच्या शाळेत निदान ऊब आहे."

मी नियम सांगितले. ती म्हणाली, "मला माहितीयेत. जोलीन झोपेत बोलते ते."

मी विचारले, "मग सिग्नेचं काय?" तिने हातमोजे चढवले. मग म्हणाली, "तेच तुम्ही मला विचारू नका, काका. मी तिला विसरले नाहीये. पण मला दोन आहेत." यात तिचे कुठे चुकले ते मी तीन दिवस शोधत आहे. तिची मुले गेली की पटावर दोन उरतात. आपल्या पेट्या मात्र पूर्ण येत राहतील आणि त्या कुलूपबंद शाळेत ठेवायच्या की कसे, याचा खुलासा पुस्तिकेत नाही.

९. इथवरचा मजकूर काल, रविवारी, लिहिला. पुढचा आज सोमवारचा आहे. बाई म्हणाल्या, पुन्हा सगळा स्वच्छ लिहून काढा. मी तसे केलेले नाही. 

आज सकाळी मी नेहमीप्रमाणे शेगडी विझवायला हवी होती. मी तीत आणखी दोन ओंडके घातले. बाई आल्या, त्यांनी धुराड्याकडे पाहिले, खरबुजांकडे पाहिले, मग म्हणाल्या, "काका, हे नियमात बसत नाही." मी म्हणालो, "नाही बसत." त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि फळ्यावर तारीख लिहिली. त्यांचा यात दोष नाही. शेगडी मी पेटती ठेवली, एकट्याने, शुद्धीवर असताना.

जॅनेल साडेआठला आली. हातात रिकामी पिशवी होती, पुस्तकांसाठी. दारात तिच्या चष्म्यावर वाफ धरली, म्हणून ती क्षणभर तशीच उभी राहिली. चष्मा पुसला. सगळीकडे पाहिले. मग पोरांना म्हणाली, "कोट काढा रे."

टायरेलचा शर्ट लाल चौकडीचा आहे. हे आम्हाला आज समजले. जोलीन कोटातून बाहेर आली तेव्हा सिग्ने म्हणाली, "अगं, तू केवढी उंच झालीस!" आणि दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. हार्ली म्हणाला, "बाई, माझी बोटं परत आली." त्याने मग कोणी न सांगता दोन पानांची उजळणी लिहिली.

जॅनेल जाताना पिशवी तशीच घेऊन गेली, रिकामी. दारातून मला म्हणाली, "काका, ज्या दिवशी धूर दिसणार नाही, त्या दिवशी मी परत येते." तिच्या घरातून आमचे धुराडे दिसते.

१०. महोदय, खरबुजे बुधवारपर्यंत नरम पडतील. ती फेकावी लागतील. शाळेचे नाव कोणत्या यादीत घालायचे ते घालावे. जमल्यास शाळेऐवजी माझे घालावे. येत्या शुक्रवारी पुन्हा पूर्ण पेट्या येतील आणि आम्ही पुन्हा याच जागी येऊ, फक्त थंडी वाढलेली असेल. म्हणून हात जोडून मागणे एवढेच आहे : पेटी अर्धी करा. अर्धी आमच्याकडे उतरवा आणि उरलेली त्याच रस्त्यावरच्या पुढच्या शाळेत. गाडी तिथून जातेच. मी चालकाला विचारले आहे. तो म्हणाला, "मला काय, काका, सुरी द्या, मी आत्ता फोडतो." त्याला सुरीची गरज नाही. त्याला आपल्या एका ओळीची गरज आहे.

अर्धी पेटी चार मुले ऊबदार खोलीत बसून, फळे नरम पडायच्या आत संपवतील. काही नासणार नाही. मी हे मुलांना सांगितलेले नाही, कारण आपण काय म्हणाल ते मला ठाऊक नाही.

एक शेवटची विनंती. उत्तर 'नाही' असेल तर ते माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. शाळेत आलेले प्रत्येक पत्र बाई मुलांकडून मोठ्याने वाचून घेतात, आणि या आठवड्यात वाचायची पाळी सिग्नेची आहे.

आपला, एरवी नम्र आणि सध्या फक्त जागा असलेला,

(सही)
हाल्वर स्टेनरूड
चिटणीस, शाळा समिती. इयत्ता दुसरीचा इच्छुक विद्यार्थी
क्रुकेड कूली, सोमवार, ६ नोव्हेंबर

सोबत :
१) प्रवेश अर्ज, एकूण सात. (गस रायमर यांनी 'आवडता विषय' या रकान्यात 'पेअर' लिहिले आहे. खोडण्यास त्यांनी नकार दिला.)
२) टायरेल ओबरलँडर याच्या अक्षराचे दोन नमुने : हातमोज्यासह व हातमोज्याविना.
३) खरबूज, नग एक. हे आपल्यासाठी नाही. मोठ्यांना देता येत नाही. केवळ पाहून, शक्य तितक्या लवकर निर्णय घ्यावा.